बुडत्या पाणबुडीतली दोन पुस्तकं

(तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे मी बोलायला उभा राहिलो की लोकांना वाटतं, आता हा एआयवर बोलणार, नोकऱ्या राहणार की जाणार ते सांगणार. ते सत्र आपण नंतर कधीतरी घेऊ. आज मी एका माणसाबद्दल बोलणार आहे. हा माणूस इंजिनिअर नव्हता, मुसलमान नव्हता, हिंदुस्थानीही नव्हता. तो स्कॉटलंडचा, ब्रिटिश नौदलातला तरुण अधिकारी होता. १९४२ साली, वयाच्या २९व्या वर्षी, तो भूमध्य समुद्रात बुडाला. त्याची कबर कुठेही नाही. त्याचं नाव लेफ्टनंट फ्रान्सिस अँथनी ब्लेअर फॅसन. जवळची माणसं त्याला टोनी म्हणत.

त्याच्याबद्दल आपण का बोलायचं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी गोष्ट ऐका.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन हे बेट समुद्रावर जगत होतं. धान्य, तेल, लोखंड, दारूगोळा, सगळं जहाजांनी यायचं. जर्मनीच्या पाणबुड्या, ज्यांना यू-बोट म्हणत, त्या अटलांटिक महासागरात ही जहाजं बुडवत होत्या. पाणबुड्या एकट्या शिकार करत नसत. एकीला जहाजांचा काफिला दिसला की ती वायरलेसवर कळवायची, मग किनाऱ्यावरून आदेश जायचे आणि लांडग्यांच्या टोळीसारख्या दहा-पंधरा पाणबुड्या गोळा व्हायच्या. म्हणजे त्यांचं सगळं बळ संदेशांवर होतं. हे संदेश 'एनिग्मा' नावाच्या यंत्रातून कूट भाषेत केले जात.

एनिग्मा दिसायला टाइपरायटरसारखं. आत फिरणारी चाकं, ज्यांना आपण रोटर म्हणू. तुम्ही 'अ' दाबलं की दुसरंच अक्षर उमटायचं. पुन्हा 'अ' दाबलं की तिसरंच, कारण मधल्या काळात चाक फिरलेलं असायचं. तीन चाकं, प्रत्येकावर २६ अक्षरं. म्हणजे नुसत्या चाकांच्या स्थिती १७,५७६. त्यावर चाकांचा क्रम, पुढच्या फळ्यावरच्या तारांची जोडणी, असे आणखी थर. ही मांडणी रोज बदलायची.

या यंत्राचं कोडं पहिल्यांदा पोलंडच्या गणितज्ञांनी सोडवलं. मारियन रेयेव्स्की आणि त्यांचे दोन सहकारी. १९३९च्या जुलैमध्ये, युद्धाच्या तोंडावर, पोलंडने आपलं सगळं ज्ञान ब्रिटन आणि फ्रान्सच्या हवाली केलं. त्यावर पुढे इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या ठिकाणी अ‍ॅलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी 'बॉम्ब' नावाचं यंत्र उभं केलं. नाव बॉम्ब, पण ते फुटणारं नव्हतं. ते एनिग्माच्या हजारो शक्यता एकामागून एक तपासायचं. संगणकाचा इतिहास शिकवताना ट्युरिंगचं नाव तुम्हाला सांगितलं जातं, ते याच कामामुळेही.

१९४१मध्ये नौदलाच्या एनिग्माचे संदेश ब्लेचलीत वाचले जाऊ लागले होते. पण १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मनांनी अटलांटिकमधल्या पाणबुड्यांसाठी चार चाकांचा एनिग्मा सुरू केला. एका चाकाची भर, म्हणजे काम एकदम २६ पट. ब्लेचलीकडे होती ती यंत्रं तीन चाकांच्या हिशेबाने बनवलेली. एका दिवसात अंधार झाला आणि तो जवळजवळ साडेदहा महिने टिकला. १९४२च्या एकट्या नोव्हेंबर महिन्यात पाणबुड्यांनी दोस्तांची सात लाख टनांहून अधिक जहाजं बुडवली. त्या टनांमध्ये माणसं होती. हे लक्षात ठेवा, मी त्या माणसांकडे परत येणार आहे.

आता ३० ऑक्टोबर १९४२. इजिप्तच्या किनाऱ्यापासून दूर, पोर्ट सैदच्या उत्तरेला, एका ब्रिटिश टेहळणी विमानाला पाणबुडीचा माग लागला. ती होती यू-५५९. तिच्यामागे पाच विनाशिका लागल्या. त्यांतल्या एकीचं नाव 'पेटार्ड'. फॅसन हा पेटार्डचा फर्स्ट लेफ्टनंट होता, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी. दिवसभर पाण्याखाली बॉम्ब टाकणं चालू होतं. रात्री पावणेअकराच्या सुमारास पाणबुडी वर आली. तिच्या अंगाला भगदाडं पडली होती, आत पाणी शिरत होतं. जर्मन खलाशी जहाज सोडून समुद्रात उड्या टाकत होते.

काळोख, लाटा, आणि समोर बुडत असलेली शत्रूची पाणबुडी. अशा वेळी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर नावाचा एक खलाशी पाण्यात उतरले आणि पोहत पाणबुडीवर गेले. ग्रेझियर २२ वर्षांचा, इंग्लंडमधल्या टॅमवर्थजवळचा. समुद्रावर निघण्याच्या थोडेच दिवस आधी त्याचं लग्न झालं होतं. त्यांच्याबरोबर तिसरा एक जण पाणबुडीवर पोहोचला, टॉमी ब्राऊन. हा सैनिकसुद्धा नव्हता. जहाजावरच्या कँटीनमध्ये काम करणारा पोरगा. वय खोटं सांगून भरती झालेला. त्याचं खरं वय तेव्हा १६ होतं.

आत काय घडलं, हे आपल्याला माहीत आहे ते या टॉमीमुळे. नंतर झालेल्या चौकशीत त्याने साक्ष दिली. फॅसन आणि ग्रेझियर खाली कॅप्टनच्या खोलीपर्यंत उतरले. आतले दिवे विझलेले होते. फॅसनने कपाटं फोडली, किल्ल्या शोधून एक खण उघडला, आतली पुस्तकं आणि कागद काढले. टॉमी शिडीवरून ते वर नेऊन देत होता. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. प्रत्येक फेरीला पाणी वाढलेलं. कागद भिजू नयेत म्हणून जपून न्यायचे होते, कारण अशी गुप्त पुस्तकं जर्मन लोक मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापत. फॅसन भिंतीवरचं एक उपकरणही उपटून काढायचा प्रयत्न करत होता. वरून हाका आल्या, वर या. टॉमीनेही हाक दिली. दोघं शिडीकडे वळले असतील तोच पाणबुडी एकदम खाली गेली. टॉमी कसाबसा बाहेर पडला. फॅसन आणि ग्रेझियर आतच राहिले.

वर आलेल्या त्या कागदांत दोन पुस्तकं होती. एक, पाणबुड्यांनी हवामान कळवण्यासाठी वापरायचं छोट्या संकेतांचं पुस्तक. दुसरं, शत्रू दिसल्यावर झटपट संदेश देण्यासाठीचं तसंच एक पुस्तक. दिसायला साधी. २४ नोव्हेंबरला ती ब्लेचली पार्कला पोहोचली.

आता थोडं तांत्रिक बोलतो, पण तुम्हाला ते आवडेल. हवामानाच्या पुस्तकाचा एवढा काय उपयोग? पाणबुडी समुद्रातून कळवायची: तापमान इतकं, हवेचा दाब इतका, वारा अमुक दिशेचा. या प्रत्येक गोष्टीला पुस्तकात एक अक्षर ठरलेलं. पूर्ण अहवाल जेमतेम वीस-पंचवीस अक्षरांचा व्हायचा. मग ती अक्षरं एनिग्मातून जायची. किनाऱ्यावरचं जर्मन केंद्र तीच माहिती पुन्हा वेगळ्या, सोप्या कूट भाषेत प्रसारित करायचं, आणि ती सोपी भाषा ब्लेचलीवाल्यांनी आधीच फोडलेली होती. म्हणजे पाणबुडीने काय सांगितलं, हे त्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की ते सांगताना कोणती अक्षरं वापरली. ते अक्षरांचं पुस्तक आता हातात आलं. कुलपाच्या आतली वस्तूही माहीत, बाहेरचा आकारही माहीत. आता किल्ली शोधता येणार होती.

त्यात आणखी एक गोष्ट हाती लागली. किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांकडे तीन चाकांचीच यंत्रं होती. त्यामुळे हवामान कळवताना पाणबुड्या आपलं चौथं चाक अशा जागी ठेवत, की यंत्र तीन चाकांसारखं चाले. म्हणजे त्या छोट्याशा संदेशापुरतं चौथं चाक नसल्यातच जमा. ब्लेचलीची जुनी यंत्रं इथे चालली. एकदा त्या दिवसाची तीन चाकं सापडली, की चौथ्यासाठी फक्त २६ जागा तपासायच्या.

१३ डिसेंबर १९४२ रोजी कोडं सुटलं. पहिला संदेश फुटल्यानंतर तासाभरात अटलांटिकमधल्या पंधराहून अधिक पाणबुड्यांचा ठावठिकाणा लंडनला कळवला गेला. काफिले वळवता येऊ लागले. १९४३च्या मार्चमध्ये जर्मनांनी हवामानाचं पुस्तक बदललं तेव्हा पुन्हा अंधार होईल अशी भीती होती. पण दुसरं पुस्तक हाताशी होतं, आणि नऊ-दहा दिवसांत मार्ग निघाला. मे महिन्याच्या अखेरीस जर्मनीने उत्तर अटलांटिकमधून आपल्या टोळ्या मागे घेतल्या.

इथे एक खबरदारी. या दोन पुस्तकांनी युद्ध जिंकलं असं मी म्हणणार नाही. लांब पल्ल्याची विमानं होती, नवीन रडार होतं, काफिल्याला संरक्षण देणारी जहाजं वाढली होती, काफिले नेण्याची पद्धत सुधारली होती. आणि ब्लेचलीत हजारो माणसं दिवसरात्र काम करत होती. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. फॅसन आणि ग्रेझियरचा त्यात एक वाटा होता, मोठा वाटा होता. त्यापेक्षा जास्त त्यांना द्यायची गरज नाही, आणि त्यापेक्षा कमी देणं अन्याय आहे.

पण नेमका हाच वाटा जगाला कळला नाही. १९४३च्या सप्टेंबरमध्ये दोघांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. टॉमीला जॉर्ज मेडल मिळालं. जाहीर केलेल्या मजकुरात पुस्तकांचा एक शब्दही नव्हता. असणं शक्यच नव्हतं, कारण जर्मनांना कळलं असतं तर त्यांनी सगळी पद्धत बदलली असती. युद्ध संपल्यावरही गुपित उघडलं नाही. ब्लेचलीचं काम १९७४पर्यंत सरकारी कुलपात होतं. म्हणजे तीस वर्षं या दोन घरांना एवढंच ठाऊक होतं, की आपला माणूस शत्रूच्या पाणबुडीत शिरला आणि परत आला नाही. कशासाठी शिरला, त्याने काय वाचलं, हे माहीत नव्हतं. तुमच्या घरातला माणूस असा गेला असता आणि तीस वर्षं कुणी कारण सांगितलं नसतं, तर काय वाटलं असतं, याचा विचार करा.

टॉमी ब्राऊनला तर ते कधीच कळलं नाही. १९४५मध्ये घराला आग लागली तेव्हा लहान बहिणीला वाचवायला तो आत गेला आणि मेला. वय १८.

गुपित उघडल्यावर तरी हक्क मिळाला का? २००० साली हॉलिवूडचा 'यू-५७१' नावाचा चित्रपट आला. त्यात एनिग्मा मिळवतात अमेरिकन खलाशी. मुळात ब्रिटिशांनी १९४१मध्ये यू-११० या पाणबुडीतून एनिग्मा मिळवला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. ब्रिटनच्या संसदेत हा विषय निघाला, पंतप्रधानांनीही नाराजी बोलून दाखवली. चित्रपटाच्या शेवटी खऱ्या पाणबुड्यांची आणि जहाजांची नावं दाखवणारी पाटी आहे. पण दोन तास डोळ्यांनी पाहिलेलं लक्षात राहतं, शेवटची पाटी कोण वाचतं?

मग टॅमवर्थच्या लोकांनी काय केलं? त्यांच्या गावच्या वर्तमानपत्राने ग्रेझियरची गोष्ट शोधून काढली. वाचलेल्या जुन्या खलाशांना गाठलं, कागदपत्रं तपासली, लोकांकडून पैसे गोळा केले आणि २००२मध्ये गावाच्या चौकात तीन नांगरांचं स्मारक उभं केलं. तीन नांगर, म्हणजे फॅसन, ग्रेझियर आणि ब्राऊन. माझं लक्ष या 'तीन'कडे गेलं. ग्रेझियर त्यांच्या गावचा, पण त्यांनी एकट्या ग्रेझियरचं स्मारक केलं नाही. ज्याचा जेवढा वाटा, त्याला तेवढी जागा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. हे आपल्याला का सांगायचं?

एक आक्षेप मी स्वतःच मांडतो. तो काळ १९४२चा. ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला होता. ती घोषणा ज्यांनी सुचवली ते युसूफ मेहेरअली त्याच वर्षी मुंबईचे महापौर झाले होते. फॅसन बुडाला त्या दिवशी मौलाना आझाद आणि पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ज्या साम्राज्याने त्यांना कोंडलं, त्याच साम्राज्याच्या नौदलातला हा अधिकारी. मग आपण त्याच्या आठवणीत वेळ का घालवायचा?

माझं उत्तर असं. साम्राज्याचा हिशेब वेगळा मांडावा, आणि कठोरपणे मांडावा. पण ज्या जहाजांसाठी फॅसन त्या पाणबुडीत उतरला, त्या जहाजांवर आपली माणसं होती.

मघाशी मी म्हटलं ना, त्या टनांमध्ये माणसं होती? दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांत सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानी खलाशी होते. पन्नास हजारांच्या आसपास. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. इंजिनरूममध्ये कोळसा टाकणारे पंजाबी, पठाण, सिल्हेटी. स्वयंपाक आणि खानपानात गोव्याचे लोक. आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या डेकवर गुजरातचे, कच्छचे आणि आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. सारंग, तांडेल ही आडनावं आजही कोकणात आहेत. ती जहाजावरच्या हुद्द्यांची नावं आहेत. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तांडेल त्याच्या हाताखालचा. या माणसांना गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कितीतरी कमी पगार मिळे, राहायला जागा कमी. १९३९मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी पगारवाढीसाठी बंदरांमध्ये संप केले, त्यात अनेकांना तुरुंगात जावं लागलं. तरी जहाजं चालली, कारण ती चालवणारे हेच होते.

एक उदाहरण देतो. १९४०च्या सप्टेंबरमध्ये 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज ब्रिटनमधल्या मुलांना सुरक्षित ठिकाणी, कॅनडाला घेऊन चाललं होतं. यू-बोटने ते बुडवलं. युद्धापासून दूर पाठवलेल्या ९० मुलांपैकी ७७ मुलं गेली. ही गोष्ट इंग्लंडमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि असायलाच हवी. पण त्याच रात्री त्या जहाजावरचे सुमारे शंभर हिंदुस्थानी खलाशीही गेले. एक होडी आठ दिवस समुद्रावर भरकटत राहिली. तिच्यात ४६ माणसं होती, त्यांत सहा मुलगे, आणि बहुतेक बाकीचे हिंदुस्थानी खलाशी. त्या खलाशांची नावं किती जणांना सांगता येतील?

लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या बुडालेल्या खलाशांचं मोठं स्मारक आहे. भिंतींवर नावं कोरलेली. जाणारा-येणारा वाचू शकतो. हिंदुस्थानी खलाशांची नावं तिथे नाहीत. ती कुठे आहेत? मुंबईत मस्जिद बंदरला 'इंडियन सेलर्स होम' आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं ब्राँझच्या पट्ट्यांवर आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं एका पुस्तकात आहेत. त्याची एक प्रत मुंबईला, एक चितगावला. साडेसहा हजारांच्या आसपास नावं. त्यांत नौदलाचे सुमारे चारशे, बाकी सगळे व्यापारी जहाजांवरचे.

तुम्ही सगळे मस्जिद बंदरला गेला असाल. लग्नाची खरेदी, सुका मेवा, खजूर, मसाले. लोकलमधून उतरतो, पिशव्या भरतो, परत येतो. तिथून जवळच आपल्या माणसांची नावं आहेत. कबर नसलेली माणसं ती. त्यांच्या बायकांना, आयांना किनाऱ्यावर थांबून फक्त एक कागद मिळाला असेल.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या समाजात आठवणीचे दोन रोग आहेत. पहिला रोग, विसरणं. 'जाऊ दे, जुनं काय उकरायचं?' दुसरा रोग त्याच्या उलट. आपल्या मोबाइलवर रोज येतो. अमुक लढ्यात आपले इतके हजार शहीद, अमुक शोध आपल्याच माणसाने लावला, अमुक स्मारकावर आपली इतकी नावं. आकडे ठणठणीत, आधार काहीच नाही. कुणीतरी आपल्याला इतिहासातून पुसतंय, याचा राग खरा आहे. तो मलाही येतो. पण पुसलेल्या नावाच्या जागी फुगवलेलं नाव लिहिलं, तर पुसणाऱ्याचंच काम सोपं होतं. एक खोटा आकडा सापडला की तो आपल्या दहा खऱ्या गोष्टींवरही बोट ठेवतो.

'यू-५७१' चित्रपटाला टॅमवर्थच्या लोकांनी दुसरा खोटा चित्रपट काढून उत्तर दिलं नाही. त्यांनी नाव, तारीख, कागद आणि साक्ष गोळा केली. टॉमी ब्राऊनने साक्ष दिली नसती, ती लिहून ठेवली गेली नसती, तर आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगूच शकलो नसतो. एका सोळा वर्षांच्या कँटीनच्या पोराने जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं. सगळी गोष्ट त्या साक्षीवर उभी आहे.

माझ्या कामात आम्ही म्हणतो, ज्या बदलाची नोंद नाही तो बदल झालाच नाही असं धरा. कुणी काय केलं, कधी केलं, का केलं, हे प्रत्येक वेळी लिहावं लागतं. तेव्हा कंटाळा येतो. दोन वर्षांनी काही बिघडलं की मग त्या एका ओळीची किंमत कळते. समाजाचंही तसंच आहे. कुणी काय केलं याची नोंद नसेल, तर पुढे दुसराच कुणीतरी आपली गोष्ट सांगतो, आणि त्याला हवी तशी सांगतो.

तेव्हा तुमच्याकडे माझं मागणं अगदी साधं आहे. तुमच्यापैकी ज्यांचं घर रत्नागिरी, दापोली, खेड, श्रीवर्धन, म्हसळा या भागातलं आहे, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आजोबा, पणजोबा, आजीचे भाऊ, कुणी 'जहाजावर' होतं का? कोणत्या सालात, कोणत्या कंपनीच्या जहाजावर, परत आले की नाही? आज जे तरुण मर्चंट नेव्हीत जातात त्यांच्याकडे सीडीसी असते. तशी जुनी पुस्तिका, एखादं पदक, एखादं पत्र, पेन्शनचा कागद पेटीच्या तळाशी असेल. त्याचा नीट उजेडात फोटो काढा. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवा, लॅमिनेट करू नका. सांगणाऱ्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. जे ऐकीव आहे त्याच्यापुढे 'ऐकीव' लिहा. जे कागदावर आहे त्याच्यापुढे 'कागद' लिहा. ही दोन खाती एकमेकांत मिसळू नका.

दुसरं काम इंजिनिअर मुलामुलींसाठी. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर या खलाशांची नावं शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही आहे. अडचण अशी, की ही नावं इंग्रज कारकुनांनी कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली. एकच 'इस्माईल' पाच प्रकारांनी लिहिलेला, 'इब्राहिम' सहा प्रकारांनी. गावांचंही तेच. पणतवाला आपल्या पणजोबाचं नाव टाकतो आणि काहीच सापडत नाही. उच्चारावरून नाव जुळवणारा एखादा छोटा प्रोग्राम लिहिणं, गावांच्या जुन्या स्पेलिंगची यादी करणं, हे तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी उत्तम काम आहे. कितव्यांदा तेच ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर करणार?

आणि हे करताना एक पथ्य पाळा. त्या पुस्तकात आपलीच नावं शोधू नका. तिथे मुसलमान आहेत, हिंदू आहेत, गोव्याचे ख्रिस्ती आहेत. एका जहाजावर होते, एकदम बुडाले. टॅमवर्थच्या चौकात तीन नांगर आहेत, तर आपल्या यादीतही सगळे असू देत.

टोनी फॅसनकडे मी असा पाहतो. बुडत्या पाणबुडीत त्याच्याकडे मोजकी मिनिटं होती. त्या कागदांचं पुढे काय होईल, हे त्याला नेमकं माहीत असण्याची शक्यता नाही. एवढंच माहीत होतं की हे महत्त्वाचं आहे, पाण्यात गेलं तर कायमचं जाईल, आणि वर शिडीवर हात पुढे करून कुणीतरी उभं आहे. तो खालून देत राहिला.

आपल्या घरांमध्येही असे कागद आहेत आणि असे बुजुर्ग आहेत. पाणी चढतंय. ऐंशी-नव्वद वर्षांची माणसं दरवर्षी कमी होत आहेत. शिडीवर उभं राहायचं काम आपलं आहे.

 आता प्रश्न विचारा. आणि कुणाच्या घरी 'जहाजावर' गेलेलं कुणी होतं, त्यांनी आधी हात वर करा.